साठला पंचम

आमच्या गाडीला कंठ फुटला तो बरोबर सोळाव्या वर्षी. माणसांच्या पोरांनाही साधारण त्याच सुमाराला फुटतो, म्हणून मी सुरुवातीला मनावर घेतलं नाही. गाडी जुनी, आठ माणसं आणि दोन पोती पोटात घेणारी, मागच्या चाकांच्या जोरावर चालणारी. तिच्या कंपनीचं नाव सांगत नाही. लेकीचं गाऱ्हाणं माहेरी नेऊ नये, आणि सोळा वर्षांत जे काही बिघडलं त्याचा दोष सासरचाच, म्हणजे माझाच.

राहतो कारंजा (घाडगे) इथे, वर्धा जिल्ह्यात. आमचं गाव कंस घेऊनच जन्माला आलं आहे. कंस काढला की लोक आम्हाला वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा लाडला नेऊन सोडतात. ते नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, मोठं क्षेत्र. आमच्याकडे नागपूर-अमरावती महामार्ग आहे, संत्री आहेत, आणि बोरच्या जंगलातून अधूनमधून पाय मोकळे करायला येणारे वाघ आहेत. कंसाची ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिनेच मला आठ दिवस पायी चालवलं.

आवाज पहिल्यांदा ऐकला तो कोंढाळीहून परतताना. काटा चाळिसाच्या पुढे सरकला आणि मागच्या अंगाने कुणीतरी ‘घूंऽऽ’ असा सूर लावला. सौ. शेजारी बसली होती. म्हणाली, “अहो, मागं कोणी रडून राहिलं का?”

मी रेडिओ मोठा केला. गाडीच्या आवाजावरचा पहिला उपचार रेडिओ हाच. फुकट आहे, ताबडतोब गुण येतो आणि दोनेक महिने टिकतो. दोन महिन्यांनी मात्र रेडिओवर गाणं लागलंय की बाजारभाव, हेच ओळखू येईना, तेव्हा मिस्त्रीकडे गेलो.

मी हायस्कुलात मराठी शिकवतो. त्यामुळे दुखणं सांगायला शब्द कमी पडतील ही भीती नव्हती. घुमणं, घरघरणं, गुरगुरणं, कुरकुरणं, करकरणं, खडखडणं, कण्हणं, कुंथणं. आवाजासाठी मराठीत जितके शब्द आहेत तितके त्या गाडीत नटबोल्टसुद्धा उरले नसतील. महामार्गाच्या कडेला, कडुनिंबाखाली मिस्त्रीचं गॅरेज. तो एका ट्रॅक्टरखाली होता, म्हणजे त्याचे पाय तेवढे माझ्याशी बोलायला मोकळे होते. त्या पायांना मी सांगितलं, “मिस्त्री, आवाज घुमारेदार आहे, पण तळाशी जरा खरखर आहे. भुंगा मडक्यात कोंडावा तसा.”

पाय थोडा वेळ स्थिर राहिले. मग आतून उत्तर आलं, “सर, कविता नोका सांगू. कव्हा येते ते सांगा, अन् कव्हा येत नाही ते सांगा.”

तीस वर्षं पोरांना ‘रसग्रहण करा’ म्हणत आलो. रसग्रहणाचा हा मुद्दा कुठल्याच प्रश्नपत्रिकेत नव्हता. आवाज कधी येतो हे एक वेळ सांगता येईल. पण न येणाऱ्या आवाजाची नोंद कोण ठेवतं?

मिस्त्री बाहेर आला, हात पुसले, गाडी काढली आणि बाजारातून एक चक्कर मारून आणली. मी शेजारी कान टवकारून. आवाज नाही! शाळा तपासायला साहेब आले की वर्गातलं सगळ्यात दंगेखोर पोरगं हाताची घडी घालून बसतं, तशी गाडी बसलेली. मी ओशाळून म्हणालो, “तुम्हाला पाहून लाजली वाटतं.”

“लाजून नाही राहिली सर, पोचूनच नाही राहिली,” मिस्त्री म्हणाला. “आवाज चाळीसच्या वर येते म्हन्ता, अन् कारंज्याच्या बजारात चाळीस कोन चालवते?”

मग त्याने मला गृहपाठ दिला. मास्तरला गृहपाठ देण्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता. एक, स्पीड तोच ठेवून गिअर बदलून पाहा. दोन, पाय एक्सलेटरवर असताना आणि उचलल्यावर आवाजात फरक पडतो का. तीन, डांबरावर आणि सिमेंटच्या रस्त्यावर. चार, डाव्या वळणावर आणि उजव्या वळणावर. “वहीत लिहून आनजा. अन् कोनाले इचारू नोका.”

शेवटची अट मी मोडली. आपल्याकडे आजाऱ्याला पाहायला माणसं रिकाम्या हाताने येतील, पण निदानाशिवाय येत नाहीत.

पहिले आमचे चुलतभाऊ, संत्र्याचे बागाईतदार. त्यांनी गाडीभोवती झाडाभोवती फिरावं तशी फेरी मारली. बुंध्याला खरचटून पाहिलं. म्हणाले, “हे पाय, रोग असते बुडाशी अन् पानं पिवळी पडतात शेंड्याची. आवाज मागून येऊन राहिला म्हणजे बिघाड समोर हाय.” डिंक्या रोगाने त्यांची तीस झाडं गेली तेव्हापासून त्यांचा दिसणाऱ्या कुठल्याही लक्षणावर विश्वास उरलेला नाही. गंमत अशी की तत्त्व म्हणून ते चूक नव्हते. लोखंडातून आवाज कुठून निघून कुठे फुटेल याचा नेम नसतो. पुढच्या चाकातली गुणगुण मागच्या बाकाखाली ऐकू येऊ शकते.

दुसरे शेजारचे काकाजी, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. यांनी गाडी पाहिलीच नाही, खाटेवरूनच सांगितलं, “क्राउन गेला.” त्यांच्या लेखी जगात दोनच आजार आहेत, इंजिनात असेल तर पिस्टन आणि मागे असेल तर क्राउन-पिनियन. खर्च विचारला तेव्हा त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून सौ. स्वतःच्या हातातल्या बांगड्यांकडे पाहू लागली.

तिसऱ्या सासूबाई. त्यांनी एक लिंबू आणि दोन मिरच्या बांधल्या. पुढे. आवाज मागे होता.

चौथे भजनी मंडळातले पेटीवाले. त्यांना मोझरीला गुरुकुंजात जायचं होतं, गाडी माझी जात होती, म्हणून ते बसले. वाटेत त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोप लागली. तळेगाव मागे पडलं तेव्हा डोळे न उघडताच म्हणाले, “सर, आता साठवर आहात.”

काटा साठवर होता.

“मघा चाळीसवर होते तेव्हा सा लावला तिनं. आता पंचम लागला. ऐंशीवर घ्या, वरचा सा लागते का पाहू.”

ऐंशीवर वरचा सा लागला. इतका सुरेल, की मागे बसलेल्या भजनकऱ्यांपैकी एकाने नकळत खंजिरीवर थाप मारली. माझ्या अंगावर काटा आला, पण मास्तरकी जाईना. साठ भागिले चाळीस म्हणजे दीड, आणि षड्जाच्या दीडपट कंपनं म्हणजे पंचम. दुप्पट म्हणजे तार षड्ज. चाक जितक्या पटीने जोरात फिरतं, तितक्याच पटीने आवाज चढतो. मग मी चाळीसवर येऊन चौथ्याचा तिसरा गिअर टाकला. इंजिनाने एकदम आवाज चढवला. मागचा भुंगा मात्र आपल्या सा वरून रेसभरही हलला नाही. म्हणजे त्याचा इंजिनाशी काही संबंध नव्हता. त्याचा संसार चाकाशी होता. गृहपाठातलं पहिलं उत्तर मिळालं. पेटीवाल्यांनी उतरताना सल्ला दिला, “दुरुस्त करू नका. श्रुती पक्की आहे.”

दुसरा प्रश्न परतीच्या वाटेवर सोडवला. क्राउन-पिनियनचे दात झिजले की त्यांचा आवाज पायाच्या तालावर नाचतो. एक्सलेटर दाबला की दातांची एक बाजू घासते, पाय उचलला की दुसरी. त्यामुळे दाबताना रडते ती गाडी सोडताना गप्प होते, नाहीतर उलट. आमचा भुंगा दाबल्यावरही तोच आणि सोडल्यावरही तोच. मी हे काकाजींना आनंदाने सांगायला गेलो. त्यांचा चेहरा पडला. थोड्या वेळाने म्हणाले, “मंग अजून गेला नसन. जाईन.”

तिसरा प्रश्न टायरचा. टायर वेडावाकडा झिजला तरी असाच घुमतो. पण टायर रस्त्याशी बोलतो, त्यामुळे रस्ता बदलला की त्याची भाषाही बदलते. मी डांबर सोडून सिमेंटवर गेलो, सिमेंट सोडून मातीच्या पांदणीत गेलो. भाषा तीच.

राहिला चौथा. वळणांसाठी मी तळेगावजवळचा सत्याग्रही घाट निवडला. ज्या घाटाचं नावच सत्याग्रही, तिथे गाडी खोटं कशाला बोलेल? काचा खाली, रेडिओ बंद, सौ.च्या मांडीवर वही. डावं वळण आलं, भुंगा खवळला. उजवं वळण आलं, एकदम चिडीचूप. पुन्हा डावं, पुन्हा खवळला. सौ. वहीत लिहीत होती, “डावं : रडते. उजवं : गप.” दोन वळणांनंतर तिनेच विचारलं, “म्हणजे डावं चाक खराब न?”

मलाही तसंच वाटलं होतं. पण गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचा सगळा भार उजवीकडे झुकतो. एसटीत उभं राहून प्रवास केलेल्या माणसाला हे सांगायला नको. भार पडला की जे दुखतं तेच दुखरं. म्हणजे आजारी होतं उजवं.

घाटाच्या वर थांबलो आणि मला वडील आठवले. आमच्या घरी तेव्हा गवळाऊची जोडी होती, पांढरीशुभ्र, लांब तोंडाची, चालीला हलकी. आर्वी, आष्टी, कारंजा हा त्या जातीचा मूळ पट्टाच. बंडीखाली वंगणाचं नळकांडं लटकलेलं असायचं. वडील कधी चाकाकडे पाहत नसत. बैलांकडे तोंड करून बसायचे आणि कान तेवढे मागे ठेवायचे. ‘कुईऽ’ आलं की आख कोरडा पडला. ‘खट्-खट्’ आलं की उन्हाने लाकूड आक्रसलं आणि लोखंडी धाव ढिली झाली. मग चाक काढून रात्रभर डोहात टाकायचं, लाकूड फुगून पुन्हा धावेत घट्ट बसायचं. पांदणीतून येणारी बंडी कुणाची, हे ते आवाजावरून ओळखायचे. आईही ओळखायची. आमची बंडी मारुतीच्या पारापाशी कुईकुईली की ती तवा चुलीवर ठेवायची. वंगण घालायचा कंटाळा म्हणून आपण मिस्त्रीची एवढी वही भरली, हे वडिलांना कळलं असतं तर त्यांनी बैलांना घातली नसती अशी हाक मला घातली असती.

वही पाहून मिस्त्री खूश झाला. “सर, पास.” मग त्याने गाडीचं मागचं अंग जॅकवर उचललं, धुऱ्याखाली दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे लावले, पोऱ्याला आत बसवून गिअर टाकायला सांगितलं आणि मागची चाकं हवेत फिरू लागली. मला वाटलं आता कुठलंसं यंत्र निघेल. त्याने खिशातून लांब पेचकस काढला, टोक चाकामागच्या लोखंडावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. १८१६ साली पॅरिसमध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी रोग्याच्या छातीला लावून कान दिला आणि स्टेथोस्कोपचा जन्म झाला. आमच्या मिस्त्रीने लेनेकचं नाव ऐकलेलं नाही. लेनेकलाही पेचकस सुचला नाही. फिटंफाट.

“घ्या, आयका.”

डाव्या चाकाला ऐकलं. आत बारीक, सलग सळसळ, रात्रीच्या पाटाच्या पाण्यासारखी. उजव्याला लावलं आणि मूठ कानापासून दूर झाली. जात्यात जोंधळ्याबरोबर खडा यावा तसं काहीतरी आत भरडलं जात होतं. गेले चार महिने मी भुंगा म्हणून ज्याचे लाड केले तो हा.

मधल्या गोल पेटाऱ्यालाही कान लावला, काकाजींच्या समाधानासाठी. वळताना आतलं चाक कमी आणि बाहेरचं जास्त पळतं, तो हिशेब याच पेटाऱ्यात होतो. आपल्याला यात नवल नाही. खळ्यात मळणीची पात चालते तेव्हा मेढीजवळचा बैल जागच्या जागी पाय उचलतो आणि कडेचा बिचारा धावतो, तरी दावण एकच. हे खळं लोखंडात बसवलं एका फ्रेंच घड्याळजीने, पेक्योर त्याचं नाव, १८२७-२८च्या सुमारास, वाफेवर चालणाऱ्या गाडीसाठी. मिस्त्रीने खालचा बोल्ट सैल करून चार थेंब तेल तळहातावर घेतलं. कुजक्या अंड्यासारखा वास आला. मी नाक मुरडलं. “वास असाच पायजे,” तो म्हणाला, “गंधक असते त्याच्यात.” त्याने तळहात उन्हात धरून इकडून तिकडून वळवला. चमकी दिसली तर दात झिजले. काळपट तेल होतं, चमकी नव्हती. क्राउन शाबूत. काकाजींना सांगायचं धाडस मी केलं नाही.

“उजव्या हबचं बेरिंग,” मिस्त्रीने निकाल दिला. “मागच्या पान्यात गाडी नाल्यातून काढली होती का?”

काढली होती. लग्नाची घाई होती, पुलावरून पाणी होतं आणि ते चाकाच्या तुंब्याला लागेपर्यंत मला स्वतःचं शौर्य फार वाटलं होतं. धावून तापलेला हब एकदम गार पाण्यात बुडतो, आतली हवा आकसते आणि तो तहानलेल्या बैलासारखा पाणी ओढून घेतो. ग्रीस धुऊन जातं, गंज राहतो. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. तो आवाजही मी ओळखतो. तो न येणाऱ्यांपैकी आहे.

बेरिंग गावात नव्हतं. नागपूरला फोन केला. “कारंजा ना? ट्रॅव्हल्समध्ये टाकतो, सकाळी मिळेल.” मी फोनवर कंस बोलायला विसरलो. सकाळी काही आलं नाही. दुपारी वाशीम जिल्ह्यातून एका अनोळखी गृहस्थाचा फोन आला, “तुमचं पार्सल आलंय, केव्हा नेता?” मी म्हणालो, “आत्ता येतो, कुठे आहात?” ते म्हणाले, “बसस्टँडसमोर.” आमच्या बसस्टँडसमोर मी अर्धा तास उभा राहिलो, तेही त्यांच्या बसस्टँडसमोर उभे राहिले, आणि आम्ही दोघे फोनवर एकमेकांना “मला दिसत नाही तुम्ही” असं सांगत राहिलो. शेवटी त्यांनी विचारलं, “तुम्ही लाड की घाडगे?” मी म्हटलं, “घाडगे.” ते म्हणाले, “अरे अरे!” माझ्या बेरिंगला दत्तगुरूंच्या क्षेत्री आठ दिवस वास घडला. तोवर मी एसटीने आणि पायी.

बेरिंग आलं. मिस्त्रीने चाक काढलं, ड्रम काढला आणि हातभर लांब शाफ्ट धुऱ्यातून म्यानातून तलवार काढावी तसा ओढला. त्याच्या अंगावर जुनं बेरिंग गच्च बसलेलं. मागची कडी छिन्नीने फोडली, प्रेसवर दाबून बेरिंग उतरवलं, नवं बसवलं. जुनं मी मागून घेतलं. आतली कडी देवीच्या वणांसारखी खड्ड्याखड्ड्यांनी भरलेली. बोटावर फिरवलं तर हाडापर्यंत खरखर पोचली. वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात टाकलं.

घरी निघालो तेव्हा गाडी इतकी गप्प होती की दोनदा मला वाटलं बंद पडली. साठला पंचम नाही, ऐंशीला वरचा सा नाही. आणि मग, चाळीस काय नि साठ काय, सगळीकडे घोटाळे सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोचलो तर दहावी ‘ब’ची पोरं बाकांवर उभी. एकाने माझी नक्कल चालवली होती, चांगली करत होता. मला दारात पाहून तो नुसता गोठला नाही, रागावलासुद्धा. नंतर मॉनिटरकडून कळलं की महामार्गावरून शाळेकडे वळताना तुमची ‘घूं’ येते, तेव्हापासून आम्हाला चार मिनिटं मिळायची. गल्लीतलं कुत्रं, जे माझ्या आवाजाला रस्त्यातून उठायचं, ते आता उठेना. मला उतरून त्याला विनंती करावी लागली. काकाजी ओट्यावर कुणालातरी सांगत होते, “मास्तरचा क्राउनच गेला व्हता, पन मान्य कोन करते?” मी मागे उभा आहे हे त्यांना कळायला बराच वेळ लागला.

आणि घरी चहा नव्हता. चार महिने मी आत पाऊल टाकावं आणि कप समोर यावा, हे मी संसारातलं प्रेम समजत होतो. सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि दचकली. “बाई! चोरासारखे काहून येता जी? काही आवाज नाही, काही नाही.”

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मी आवाज न करता आलो, आवाज न करता ओसरीत बसलो, आणि खिशातला वर्तमानपत्राचा पुडा उघडला. मिस्त्रीची विद्या आठवली. बेरिंग पेचकसावर ओवलं, पेचकसाचं टोक खिडकीच्या लोखंडी गजावर दाबून धरलं, आणि बाहेरची कडी तळहाताने जोरात फिरवली.

घूंऽऽऽ.

अख्खी खिडकी घुमली. पंचम नव्हता लागला, जेमतेम चाळीसचा सा असेल.

आत भांड्यात पाणी पडलं, आणि लायटरचा ‘टक्’ असा आवाज आला. मी वही काढून लिहून ठेवलं, कधी येतो ते.